पर्फ्यूम माझं, नाक शेजारच्याचं

प्रश्न : ऑफिसमध्ये माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण रोज इतकं पर्फ्यूम मारून येते की दुपारपर्यंत माझं डोकं उठतं, मला मायग्रेनचा त्रास आहे. बाकी ती स्वभावाने फार गोड आहे त्यामुळे सांगायची हिंमत होत नाही. मागच्या आठवड्यात मास्क लावून बसले तर तिनेच काळजीने विचारलं, "अगं, सर्दी झालीय का?" आणि मी हो म्हणून मोकळी झाले. आता काय करू?

उत्तर : अहो, तिने स्वतःहून दार उघडलं होतं आणि तुम्ही सर्दीचं नाव सांगून बंद करून टाकलंत! असो, आपण सगळेच असं करतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, तिला तो वास येतच नाहीये. नाकाचं असं असतं की एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत ते त्याच्याकडे लक्ष देणं सोडून देतं, म्हणूनच तर आपल्याला आपल्या घराचा वास कळत नाही, पाहुण्याला दारातच कळतो. त्यात तीच बाटली रोज वापरली की नाक अजूनच सरावतं, मग माणसाला वाटतं हल्ली पर्फ्यूम टिकतच नाही, चला अजून दोन फवारे मारू. म्हणजे ज्याच्या अंगाला सगळ्यात जास्त वास येतोय त्यालाच तो सगळ्यात कमी कळतो, यात उद्धटपणा वगैरे काही नसतो.

हे एकदा मान्य केलं की बोलणं सोपं जातं. एकटीला गाठा, शक्यतो निघायच्या वेळेला, म्हणजे उरलेला दिवस तिला ओशाळून बसावं लागणार नाही. आणि वास तिचा पण डोकं तुमचं, तर बोला डोक्याबद्दल. "अगं, त्या दिवशी सर्दी नव्हती, मला मायग्रेन आहे आणि कुठल्याही स्ट्राँग वासाने तो उसळतो, ऑफिसला येताना जरा कमी लावशील का?" एवढंच. "तुझा वास सहन होत नाही" हे वाक्य कितीही हसून म्हटलं तरी बोचतंच. टेबलावर निनावी चिठ्ठी नको, ग्रुपवर "काही लोकांनी" अशी सुरुवात करणारा मेसेज तर त्याहून नको, कारण मग जिला सांगायचंय ती सोडून बाकी सगळे आपलेच कपडे हुंगत बसतात.

एवढं करूनही फरक पडला नाही तर एचआरकडे जायला लाजू नका. हे नखरे नाहीत, तीव्र वासाने मायग्रेन आणि दमा दोन्ही उसळू शकतात. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 2009 मध्येच आपल्या ऑफिसांच्या आत सुगंधी प्रॉडक्ट्स वापरायला मनाई केली आणि कर्मचाऱ्यांना शक्यतो बिनवासाचं या असं सांगितलं. डेट्रॉइट शहराच्या एका कर्मचारी बाईंनी तर सहकाऱ्याच्या पर्फ्यूममुळे श्वास घेणं अवघड होतं म्हणून कोर्टात दावा लावला, 2010 मध्ये शहराने 1 लाख डॉलर देऊन तो मिटवला. तुमचं प्रकरण तिथवर जाणार नाही हो, बाई गोड आहे म्हणताय ना.

प्रश्न : मी फक्त दोनच स्प्रे मारतो, मला स्वतःला तर अर्ध्या तासाने वासही येत नाही, तरी बायको म्हणते की लिफ्टमध्ये तुमच्याबरोबर उभं राहवत नाही. कोणाचं खरं?

उत्तर : बायकोचं. वर लिहिलंय ते परत वाचा.

पण दोन स्प्रे कशाचे तेही बघा. बाटलीवर ओ द कोलोन लिहिलं असेल तर त्यात सुगंधी अर्क साधारण 2 ते 5 टक्के असतो, ओ द तॉयलेटमध्ये 5 ते 15, ओ द पर्फममध्ये 15 ते 20 आणि नुसतं पर्फम म्हटलं की त्याच्याही वर. कंपनीप्रमाणे आकडे मागेपुढे होतात, पण एकाचे दोन आणि दुसऱ्याचे दोन सारखे नसतात एवढं नक्की. शिवाय माणसाच्या नाकात वास ओळखणारे जवळजवळ 400 प्रकारचे रिसेप्टर असतात आणि ते सगळ्यांचे डिट्टो सारखे नसतात, काही मस्क, म्हणजे कस्तुरीसारखे वास, तर काही लोकांना अजिबात येत नाहीत आणि शेजारच्याला मात्र डोक्यात जातात. तुम्ही त्यातले असाल तर बाटली संपेपर्यंत पत्ता लागणार नाही.

माझा हिशोब साधा आहे, हात लांब केल्यावर जेवढं अंतर होतं त्याच्या बाहेर वास जायला नको. निघायच्या अर्धा तास आधी लावा, कारण पहिली 15-20 मिनिटं जो भपकारा येतो तो लवकर उडणाऱ्या घटकांचा असतो, तो घरातच उडू दे, लिफ्टमध्ये नको. कपड्यांपेक्षा अंगावर लावा, कपड्यात वास दिवसेंदिवस बसून राहतो आणि त्यावर रोज नवा थर चढतो. मी पर्फ्यूमवेडी आहे म्हणून अनुभवाने सांगते, एकदा थिएटरात माझ्या शेजारच्या बाई इंटरव्हलनंतर चार रांगा पुढे जाऊन बसल्या आणि मला वाटलं त्यांना एसी लागत असेल.

प्रश्न : जिममध्ये घामाचा वास येण्यापेक्षा पर्फ्यूम बरं नाही का?

उत्तर : नाही, मग दोन्हीचा मिळून येतो. घामाला स्वतःला फारसा वास नसतो, तो येतो त्वचेवरच्या बॅक्टेरियांमुळे, त्यामुळे आंघोळ आणि धुतलेला टीशर्ट हाच इलाज. शिवाय अंग तापलं की पर्फ्यूम भराभर उडतं आणि बाजूचा माणूस तोंडाने धापा टाकत असतो. डिओ घ्यायचाच तर फ्रॅगरन्स-फ्री लिहिलेला घ्या, नुसतं अनसेंटेड नको, त्यात कधीकधी मूळ वास झाकायला वेगळा सुगंध घातलेला असतो.

प्रश्न : विमानात बसल्यावर थोडं मारलं तर चालतं का? लांबच्या प्रवासात फ्रेश वाटतं.

उत्तर : तुम्हाला वाटतं. केबिनमधली साधारण अर्धी हवा फिल्टर होऊन परत फिरते, पण ते हेपा फिल्टर धूळ आणि जंतू अडवतात, वास म्हणजे वायू, तो आरपार जातो. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुवा आणि कपडे बदला.

प्रश्न : निघाल्यावर लक्षात आलं की जास्त झालंय, तर?

उत्तर : पाण्याने घासू नका, सुगंधी अर्क तेलकट असतो, नुसत्या पाण्याला दाद देत नाही. हँड सॅनिटायझर टिशूवर घ्या, लावलेल्या जागी पुसा, तो टिशू फेकून द्या, मग साबण. मनगटावर असेल तर जमतं. शर्टावर असेल तर शर्ट बदला.