ज्यूंचा ‘एक देव’ म्हणजे आपलं अद्वैतच ना?

नाही. ‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ छापाची उत्तरं मला मनापासून खटकतात. अद्वैतात जीव आणि ब्रह्म वेगळे नाहीत. ज्यूंचा देव जग निर्माण करतो आणि त्या जगाहून वेगळाच असतो. भक्त कितीही पोचलेला असो, देव होत नाही. खुद्द मोशेही झाला नाही.

तो ‘एक’ किती जपतात ते सोफेराच्या, म्हणजे तोरा (ज्यूंचा पवित्र ग्रंथ) हातानं लिहिणाऱ्याच्या, कामात बघा. ‘शमा इस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद’ (‘ऐक इस्राएला, परमेश्वर आमचा देव, परमेश्वर एकच’) या ओळीचं शेवटचं हिब्रू अक्षर दालेत. त्याचा उजवा कोपरा टोकदारच हवा. गोल झाला की रेश हे वेगळं अक्षर होतं आणि, गुंडाळीत स्वर लिहीत नसल्यानं, ‘एहाद’चं, म्हणजे ‘एक’चं, ‘अहेर’ होतं: ‘दुसरा’! म्हणून तोराच्या गुंडाळीत हा दालेत मोठा काढतात. उलट तोरातल्याच निर्गम ३४:१४ मध्ये, दुसऱ्या दैवताला नमू नको म्हणताना, ‘अहेर’चा रेश मोठा. शंका आलीच तर अक्षरओळख असलेल्या लहान पोराला विचारतात, कारण त्याला अर्थ कळत नसतो. दिसतं तेच तो वाचतो. दारावरच्या मेझुझात, म्हणजे चौकटीला लावायच्या शमा लिहिलेल्या चर्मपत्रात, पंचाईत जास्त. तिथली ७१३ अक्षरं क्रमानंच लिहायची, त्यामुळे पुढं गेल्यावर मागं रेश झालेला दालेत दुरुस्त करता येत नाही. बाद झालेलं चर्मपत्रही फेकायची सोय नाही, त्यावर देवाचं नाव असतं. ते गेनिझात, म्हणजे असं बाद पवित्र लिखाण ठेवायच्या जागेत, जातं.

कोकणातले बेने इस्राएल ज्यू हिब्रू जवळजवळ विसरले, तरी ही शमा त्यांच्या तोंडी टिकली. (मलिदा या त्यांच्या नैवेद्याच्या विधीच्या वेळी ज्याचं नाव घेतात तो एलियाहू संदेष्टा आहे, देव नव्हे. कृपा करून तेही मिसळू नका.)

तोरात ‘देवाचा हात’ येतो त्याचं काय? ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिदेस (११३८–१२०४) म्हणतो, ते रूपक. देवाला शरीर मानणारा पाखंडी. देव कसा नाही एवढंच बोलता येतं, ‘दयाळू’ म्हणजे फक्त त्याच्या कृतीचं वर्णन. त्या ‘पाखंडी’वरून राबाद या त्याच्या काळातल्या पंडितानं त्याच्या ग्रंथावरच्या टीपेत त्याला झापलं होतं, की तुझ्याहून थोर माणसंही देवाला शरीर मानत होती.

आता एक कबूल करतो. ज्यूंच्या हसिदी या भक्तिपंथात, विशेषतः त्याच्या खबाद शाखेत, ‘त्याच्यावाचून दुसरं काही नाहीच’ हे वचन इतकं ताणतात की अद्वैताचा वास येतो. पण तिथलाही माणूस रोज तीनदा उभा राहून प्रार्थना करतो ती ‘धन्य तू’ म्हणतच.