फक्त जीवेची लांबी दिली असेल तर दोन वर्तुळांमधल्या कंकणाचं क्षेत्रफळ कसं काढायचं?

तुमचं गणित असं आहे: एकाच केंद्राची दोन वर्तुळं. मोठ्या वर्तुळाची एक जीवा लहान वर्तुळाला नेमकी टेकून जाते, तिची लांबी १४ सेंमी. मधल्या कंकणाचं क्षेत्रफळ किती? आणि तुमची शंका अशी, की एकही त्रिज्या दिलेली नाही, म्हणजे छापताना काही राहिलंय का.

काही राहिलेलं नाही. उत्तर १५४ चौ. सेंमी.

केंद्राला 'म' म्हणा, जीवा जिथे टेकते त्या बिंदूला 'प' आणि जीवेच्या एका टोकाला 'क'. जीवा ही लहान वर्तुळाची स्पर्शिका आहे, म्हणून 'मप' तिला लंब. केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब तिला दुभागतो, म्हणून 'पक' ७ सेंमी. आता काटकोन त्रिकोण 'मपक' बघा. 'मक' ही मोठी त्रिज्या, 'मप' ही लहान. पायथागोरसने सांगितलं, मोठीचा वर्ग वजा लहानीचा वर्ग बरोबर ४९. कंकण म्हणजे मोठ्या वर्तुळातून लहान वर्तुळ काढलं की उरतं ते, म्हणजे पाय (π) गुणिले हीच वजाबाकी. २२/७ × ४९ = १५४. झालं. त्रिज्या २५ आणि २४ घेऊन बघा, वजाबाकी ४९ च येते. दुसरी कुठलीही जोडी घ्या, जीवा १४ ची असली की तेच.

क्लासमध्ये याची एक पळवाट शिकवतात: आतलं वर्तुळ आकसत आकसत बिंदू झालं असं समजा, मग जीवा हाच व्यास, त्रिज्या ७, उत्तर १५४. चार पर्यायांतून एक निवडायचा असेल तर खुशाल वापरा. पण त्रिज्या कितीही असल्या तरी उत्तर बदलत नाही, हे त्यात गृहीत धरलंय आणि सिद्ध तर तेच करायचंय. बोर्डाच्या पेपरात असं लिहाल तर मार्क जातील, आणि ते योग्यच आहे.

याहून देखणी वाट मामिकॉन म्नात्साकान्यान या आर्मेनियन माणसाला १९५९ मध्ये, कॉलेजात असतानाच सापडली. 'प' पासून 'क' पर्यंतची ७ सेंमीची काडी लहान वर्तुळाला टेकवून त्याच्याभोवती एक फेरी फिरवा. काडी जेवढी जागा झाडत जाते तेवढं आपलं कंकण. तिचं टेकलेलं टोक प्रत्येक वेळी एकाच जागी सरकवून आणलं, तर त्याच काडीने ७ त्रिज्येचं पूर्ण वर्तुळ झाडलं जातं. क्षेत्रफळ तेवढंच.

आता मला हे गणित पाठ का आहे ते सांगतो. मी सोलापूरचा. दहावीच्या सुट्टीत होटगीच्या बाजूला मामाच्या शेतात होतो. विहिरीच्या कठड्यावर शहाबादी फरशी बसवायची होती आणि गवंड्याचा दर चौरस फुटावर. कठड्याची रुंदी दीड फूट, त्यात वाद नव्हता. वाद लांबीचा. गवंड्याने सुतळी बाहेरच्या काठाने फिरवली: ७२ फूट, म्हणजे १०८ चौ. फूट. मामाने आतल्या काठाने फिरवली: ६३ फूट, म्हणजे साडेचौऱ्याण्णव. साडेतेरा फुटांवरून दोघं तापले. त्रिज्या मोजून सांगतो म्हणालो, तर गवंडी म्हणाला, "टेपचं टोक धरायला विहिरीच्या मधोमध कोण उभा राहणार बे?"

बरोबरच होतं. केंद्र हवेत, खाली पाणी.

मग ही जीवा आठवली. मामेभावाला टेपचं टोक बाहेरच्या काठावर धरायला लावलं आणि दुसरं टोक बाहेरच्याच काठाने सरकवत नेलं, टेपची कड आतल्या काठाला जेमतेम शिवेपर्यंत. अजून पुढे गेलं की टेप पाण्यावर लोंबकळणार. कठड्यावर मावणारी सर्वांत लांब सरळ रेघ ती हीच. जुनी विहीर, गोलाई कुठली नेमकी असायला! तीन ठिकाणी मोजलं: ११ फूट ३ इंच, ११ फूट ४ इंच, ११ फूट ६ इंच. मधला आकडा धरला. निम्मे ५ फूट ८ इंच, वर्ग ३२ च्या किंचित वर, २२/७ ने गुणलं तर १०१ ला थोडे कमी. या रीतीत इंचाची चूक महागात पडते हेही तेव्हाच कळलं, कारण ११ फूट ६ इंच धरले तर आकडा जवळजवळ १०४ वर जातो.

"काय करलालास बे कधीचा? उन्हात बसून!" मामा तिकडून ओरडला. मी वही घेऊन धावत गेलो आणि ऐटीत १०१ सांगितलं.

मामा आणि गवंडी तोवर चहा पीत बसले होते. माझं गणित चालू असतानाच त्यांचं मिटलं होतं. "तुझं नको, माझं नको, मधलं धर" म्हणत दोघांनी १०८ आणि साडेचौऱ्याण्णवची बेरीज करून निम्मी केली होती: सव्वा एकशे एक.

तेव्हा मला तो योगायोग वाटला. अकरावीत कधीतरी डोक्यात उजेड पडला. दोन परिघांची सरासरी गुणिले रुंदी, म्हणजे पाय गुणिले त्रिज्यांची बेरीज गुणिले त्रिज्यांची वजाबाकी. आठवीतलं सूत्र: बेरीज गुणिले वजाबाकी म्हणजे वर्गांचा फरक. मामाने तडजोड केली होती, पण निघालं होतं ते कंकणाचं अचूक क्षेत्रफळ. सुतळीने आणि चहावर. मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग त्या दिवशी टेप कशाला भिजवलास?"