चाळिशीतल्या चार जुन्या मित्रांनी मुंबईत स्केटबोर्ड घेऊन एक दिवस काढायचा तर तो कसा आखावा?

नक्की काढा. तुम्ही लिहिलंय की चौघांपैकी दोघांनी दहा-बारा वर्षांत बोर्डवर पाय ठेवलेला नाही आणि त्यामुळे दिवस फसेल अशी धास्ती वाटते. आम्ही डिसेंबरातल्या एका रविवारी हेच केलं. आम्हीही चौघंच, कॉलेजपासूनचे, मूळ ठाण्याचे. एक आता बंगळुरूला असतो, एक पुण्याला. पुणेवाल्याचा बोर्ड लग्नाच्या आधीपासून माळ्यावर पडून होता.

आधी प्रेक्षणीय स्थळं ठरवू नका, रस्ते ठरवा. चाकाखाली काय आहे त्यावर सगळा दिवस ठरतो. पेव्हर ब्लॉकवर दात खिळखिळे होतात. नव्या काँक्रीट रस्त्यांवर गाड्या घसरू नयेत म्हणून बारीक आडव्या खाचा पाडलेल्या असतात, त्यावर कडक चाकं नुसती कर्कश थरथरतात आणि पाच मिनिटांत पोटऱ्या भरून येतात. घासून गुळगुळीत झालेला जुना डांबरी रस्ता मिळाला तर सोनं. मुंबईत असे रुंद, सपाट आणि रविवारी सकाळी रिकामे रस्ते हवे असतील तर माझं मत बॅलार्ड इस्टेटला.

आम्ही पहाटेच्या लोकलने सीएसएमटीला उतरलो आणि बोर्ड काखेत घेऊन चालत गेलो. हा सगळा भाग भराव घालून केलेला. १९१४ ते १९१८ दरम्यान पोर्ट ट्रस्टने गोदी खणताना निघालेली माती-दगड टाकून जमीन उभी केली, आणि इमारतींचा आराखडा जॉर्ज विटेटचा, ज्याने गेटवे ऑफ इंडियाही केला. भरावाची जमीन म्हणून चढ-उतार जवळजवळ नाहीतच. शिवाय सगळी कचेऱ्यांची वस्ती, त्यामुळे रविवारी शटर बंद आणि गाड्या नावाला. दोन्ही बाजूंना सारख्या उंचीच्या दगडी इमारती आहेत. चौघांची चाकं एकदम सुटली की आवाज त्यांच्यावर आपटून परत येतो. तो आवाज मी वीस वर्षांनी ऐकला आणि पहिली दहा मिनिटं कोणाशी बोललोच नाही.

तिथेच पुणेवाला पडला. कारण सांगतो, तुमच्या दोघांच्या ते उपयोगाचं आहे. त्याची चाकं जुनीच होती, ट्रिकसाठीची, ५२ मिलिमीटरची आणि कडकपणाच्या मापात ९९ए, म्हणजे दगडासारखी कडक. हरभऱ्याएवढी खडी चाकाखाली आली की असं चाक तिच्यावरून चढत नाही, जागच्या जागी अडतं. बोर्ड थांबतो आणि माणूस पुढे जातो. आम्ही तिघांनी ५८-६० मिलिमीटरची, ७८ए कडकपणाची मऊ चाकं लावली होती. तीच खडी आमच्या चाकांनी गिळली. तेव्हा खर्च एकाच गोष्टीवर करायचा असेल तर मऊ चाकांवर करा. मोठं चाक वळताना फळीला घासत असेल तर ट्रक, म्हणजे चाकं बसवलेला धातूचा आस, आणि फळी यांच्यामध्ये रायझर पॅड, म्हणजे उंची वाढवणारी चकती, टाका. दुसरा खर्च मनगटाच्या गार्डचा. माणूस पडताना हात टेकणारच, कितीही वर्षांचा सराव असो. त्याने गार्ड घातले होते, प्लास्टिकवर लांब ओरखडा आला आणि हात शाबूत राहिला. हेल्मेट तर हवंच, ते मी वेगळं सांगत नाही.

तो फुटपाथच्या कडेला बसला, आम्हीही बसलो. कोणी घाई केली नाही. दहा मिनिटांनी तो उठला आणि पुन्हा ढकलायला लागला, तसाच, पुढच्या पायाने. सगळे मागच्या पायाने ढकलतात. हा कॉलेजात असल्यापासून पुढच्याने, आणि आम्ही किती सांगूनही बदलला नाही. केस पिकलेत, वजन वाढलंय, पण शंभर फुटांवरून पाठमोरा पाहिला तरी हा तोच, हे त्या ढकलण्यावरून कळत होतं. माझ्यासाठी ट्रिप तिथेच वसूल झाली.

त्यानंतर आम्ही ट्रेकचा नियम लावला: सगळ्यात हळू जाणारा सगळ्यात पुढे. बाकीच्यांनी त्याच्या वेगाने जायचं. तुमच्या धास्तीवर माझ्याकडे हाच उपाय आहे, आणि तो चालतो.

तिथून हॉर्निमन सर्कल जवळ आहे. टाउन हॉलच्या, म्हणजे एशियाटिक लायब्ररीच्या तीस पायऱ्या बघून बंगळुरूवाल्याचे पाय शिवशिवले. मी त्याला हात धरून खाली बसवलं. १८३३ सालच्या वास्तूच्या पायऱ्यांवर आणि कठड्यांवर बोर्डचे ट्रक घासू नयेत असं मला मनापासून वाटतं. बसायला मात्र त्या सुंदर आहेत.

मरीन ड्राइव्हबद्दल अपेक्षा कमी ठेवा. साडेआठनंतर धावणारे, कुत्री फिरवणारे, सायकल शिकणारी मुलं यांची इतकी गर्दी होते की आम्ही अर्धं अंतर बोर्ड हातात धरून चाललो. मग धोबी तलावाला इराण्याकडे बन मस्का आणि चहा. उन्हाचा वेळ दादरला उतरून जेवणात घालवला. दुपारी बोर्डवर जाऊच नका, काँक्रीट तापतं आणि थकलेला माणूस पडतो.

चारनंतर वांद्र्याला उतरून रिक्षाने कार्टर रोडच्या स्केटपार्कला. आमच्या वेळी असं काही नव्हतं. पार्किंगमध्ये वॉचमनने हाकलेपर्यंतचा वेळ आपला. आता तिथे पोरं रांगेत उभी राहून आपल्या पाळीची वाट बघतात; तुम्हीही बघा, मध्ये घुसू नका. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली स्केटबोर्डिंग आलं आणि २०२२च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने स्ट्रीट प्रकारात सुवर्णपदक जिंकलं. तिथल्या दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीने बंगळुरूवाल्याला सांगितलं, "काका, मागे झुकू नका, पुढचा पाय जोरात दाबा." त्याने दाबला आणि उतारावरून सरळ खाली आला. पोरांनी बोर्ड जमिनीवर आपटून दाद दिली. स्केटरांची टाळी तीच.

आता किरकोळ. बोर्ड मोठ्या सॅकला बांधा, लोकलच्या गर्दीत हातात नको. तेरा मिलिमीटरचा पाना जवळ ठेवा, चाकाचा नट त्याने निघतो. रविवारचा मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते आदल्या रात्री बघा. घरी आल्यावर बेअरिंग काढून पुसा, समुद्राकाठची रेती आणि खारी हवा त्यांना लवकर खाते.

आणि तुमच्या त्या दोघांना आधी दोन आठवडे रोज वीस मिनिटं सोसायटीच्या पार्किंगमध्ये नुसतं ढकलायला आणि थांबायला सांगा. आमच्या पुणेवाल्याने ते आधी केलं नव्हतं. परत गेल्यावर चौथ्या दिवशी त्याने ग्रुपवर फोटो टाकला: पार्किंग, बोर्डला नवी मऊ चाकं, आणि खांबाला टेकून बघणारा त्याचा मुलगा, हेल्मेट घालून तयार.