पेनसिल्व्हेनियात आठ वर्षांच्या मुलाला खारीच्या शिकारीची ओळख कशी करून द्यावी?

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत बंदूक घरीच ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ओक आणि हिकरीच्या झाडांखाली पहाटे निश्चल बसून, कुरतडलेल्या कवचांचा सडा आणि फांद्यांची हालचाल टिपायला मूल शिकले, की निम्मी शिकार साधलेली असते. पुढे मुलांसाठीच्या मार्गदर्शित शिकारीच्या परवान्यावर नेताना सोबतची व्यक्ती किमान २१ वर्षांची असावी लागते, दोघांत शस्त्र एकच असते आणि चालताना ते मोठ्या माणसानेच बाळगायचे असते. डोके, छाती व पाठ मिळून २५० चौरस इंच झळझळीत नारिंगी रंगही अंगावर दिसला पाहिजे. मूल गारठले किंवा कंटाळले, तर कुरकुर न करता परतावे. सुट्टीत महाराष्ट्रात गेल्यावर मात्र हा छंद आवरावा, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथे सशाची शिकारही गुन्हा आहे.