पिशवी काढण्याआधी

प्रिय पोरी,

तुझ्या गावातल्या त्या ऊसतोड बाईचे तू फोनवर पाठवलेले रिपोर्ट पाहिले. वय पस्तीस, दोन लेकरं, पाळीत अंगावरून फार जातं, सोनोग्राफीत फायब्रॉइडची गाठ; आणि डॉक्टरांनी सांगितलं की गर्भपिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी निघायच्या आत उरकायचं, म्हणून तिच्या घरचे टोळीच्या मुकादमाकडे वाढीव उचल, म्हणजे मजुरीवर आगाऊ पैसे, मागायला निघालेत. आशा सेविका म्हणून मी यात बोलू का, असं तू विचारलंस. बोलच. फक्त आधी हे नीट वाच.

सगळ्यात आधी तिच्या मनातली कॅन्सरची भीती काढ. फायब्रॉइड म्हणजे गर्भपिशवीच्या स्नायूतच वाढणारी साधी गाठ. पन्नाशीपर्यंत कितीतरी बायकांना ती असते आणि अनेकींना पत्ताही नसतो. ती कॅन्सरची निघणं फार क्वचित. पाळी गेली की ती बहुधा आपोआप आक्रसते. ज्या गाठीचा त्रास नाही तिला बहुतेक वेळा काहीच करावं लागत नाही, अधूनमधून सोनोग्राफी करून लक्ष ठेवलं की पुरतं. पांढरं जातं एवढ्यावरून तर पिशवी कधीच काढायची नसते. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं किंवा त्या वयात गाठ वाढू लागली, तर मात्र एक दिवसही घरी बसू द्यायचं नाही. चाळिशी-पंचेचाळिशीच्या पुढे रक्तस्राव बिघडला तर पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासल्याशिवाय कुठलाच निर्णय घ्यायचा नाही.

आता रिपोर्ट. त्यात ‘२८ × २५ एमएम’ लिहिलंय आणि ती अठ्ठावीसची गाठ म्हणून रडतेय. अठ्ठावीस मिलीमीटर म्हणजे पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास, लिंबाएवढीसुद्धा नाही. तिला पट्टीवर बोट ठेवून दाखव. आकारापेक्षा जागा महत्त्वाची. पिशवीच्या बाहेरच्या अंगाला असेल तर सबसिरोसल, भिंतीत असेल तर इंट्राम्युरल, आतल्या पोकळीत डोकावत असेल तर सबम्युकोसल. या तिसऱ्या प्रकारची गाठ लहान असली तरी खूप रक्त घालवते, आणि पहिल्या प्रकारची मोठी असूनही पाळीला काही करत नाही. तिच्या रिपोर्टात जागाच लिहिलेली नाही. ती आधी लिहून आण.

हिमोग्लोबिन साडेसात आहे, म्हणजे अंगात रक्त फारच कमी. माझ्या मते आजचं खरं दुखणं हेच आहे. लोहाच्या गोळ्यांनी पोटात मळमळतं म्हणून बायका त्या मधेच सोडून देतात. अशीला शिरेतून लोहाचं इंजेक्शन देता येतं आणि काही आठवड्यांत रक्त वर येतं. सोबत पाळीच्या जास्त जाणाऱ्या दिवसांपुरत्या ट्रानेक्झामिक अॅसिडच्या गोळ्या मिळतात, त्यांनी स्राव कमी होतो. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल तर त्या चालत नाहीत, हे डॉक्टरांना आधी सांगायचं. रक्त भरलं, स्राव आटोक्यात आला की घाबरून नव्हे, विचार करून ठरवता येतं. पुढे ऑपरेशन लागलंच, तरी ते भरलेल्या रक्तावर जास्त सुरक्षित होतं. आणि हो, तिला तांबी (कॉपर टी) बसवलेली आहे का ते विचार. तांबीमुळे पाळी जास्त जाते. थायरॉइडही तपासून घे.

तांबीसारखंच दिसणारं, पण हार्मोनचं एक साधन आत बसवतात. त्याचं काम तांबीच्या उलट: स्राव खूपच कमी होतो आणि ते काही वर्षं चालतं. पहिले काही महिने थेंब थेंब लागत राहतं, ते आधी सांगितलं नाही तर बायका लगेच काढून मागतात. गाठीने आतली पोकळी वाकडी झाली असेल तर मात्र ते नीट बसत नाही. गाठ आक्रसवणारी इंजेक्शनंही आहेत, पण ती काही महिन्यांपुरती. थांबवली की गाठ परत वाढते, आणि फार दिवस घेतली तर हाडं विरळ होतात.

गाठ काढायची आणि पिशवी ठेवायची, हेही होतं. गाठ आतल्या पोकळीत असेल तर पोटावर एकही टाका न घालता खालून दुर्बिणीने काढतात. भिंतीतली किंवा बाहेरची असेल तर दुर्बिणीने किंवा पोट उघडून. पुन्हा गाठी होऊ शकतात, हे तिच्यापासून लपवू नकोस. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत आणखी एक उपाय मिळतो: मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालून गाठीला रक्त नेणाऱ्या वाहिन्या बंद करतात. पॅरिसमधल्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये फायब्रॉइडसाठी याचे पहिले अनुभव मांडले. पहिला दिवस दुखतं, पण पिशवी राहते. पुढे मूल हवं असेल त्या बाईला सहसा हा पहिला सल्ला देत नाहीत.

पिशवी काढणं नेहमी चूकच असतं असं मात्र तिला सांगू नकोस. गाठी पुष्कळ आणि मोठ्या, बाकीचे उपाय करून झालेले, आणि बाई स्वतः म्हणतेय की आता नको, तर ते योग्य ऑपरेशन आहे. त्यानंतर गाठी पुन्हा होण्याचा प्रश्नच उरत नाही. माझा राग आहे तो ‘लेकरं झाली, आता पिशवीचं काय काम’ या वाक्यावर. त्याच वाक्याखाली बीजकोशही काढले जातात आणि तिशीतली बाई एका दिवसात पाळी गेलेली होते: अंगाची आग, झोप नाही, हाडं ठिसूळ. बीजकोश ठेवले तरी पाळी जाण्याचं वय थोडं अलीकडे येऊ शकतं. आपल्याच बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आकडा आला: पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात सुमारे तीन आहे. इतक्या पिशव्या एकाच जिल्ह्यात खराब होत नाहीत. कामाला खाडा पडला की दंड, उसाच्या फडात ना आडोसा ना पाणी, मग पाळीच नको असं बाईलाच वाटू लागतं. बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या अशाच ऑपरेशनांवरून सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना गरज नसताना पिशव्या काढणं रोखणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. तेव्हा दुसरं मत मागताना तू कुणाशी भांडत नाहीस.

तिला अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात ने. सोबत नवऱ्याला घे, सासूलाही, कारण ठरवणार तेच असतील आणि कॅन्सरचं खरं-खोटं त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला हवं. डॉक्टरांना विचारायचं: गाठ नेमकी कुठे आहे, सहा महिने औषधांवर पाहिलं तर काय बिघडेल, फक्त गाठ काढता येईल का, आणि पिशवी काढावीच लागली तर बीजकोश ठेवणार का. घाईत बाईची जीभ वळत नाही, म्हणून प्रश्न कागदावर लिहून ने. आणि मुकादमाकडची वाढीव उचल तोवर घेऊ देऊ नकोस. पैसे हातात आले की ऑपरेशन ठरल्यातच जमा होतं.

तपासणी झाली की कळव. रात्री केला तरी फोन उचलेन.

तुझी,
सिस्टर