साडेतीन सेंटिमीटर

"मॅडम, ह्यो रोज पेरवाच्या फांद्येक लोंबाकता. उंची वाढूक व्हयी म्हणान. जेवाक हाक मारलंय तरी येणा नाय."

मालवणजवळच्या वाडीतली ही आवशी मुलाला घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला आली होती. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) मुलगा बारावी सायन्सला, उंची 159. हवाई दलात वैमानिक व्हायला 162.5 सेंटिमीटर लागतात, हे कळल्या दिवसापासून त्याचं पुस्तक बंद होतं.

एका मापात पोरगं बसलं नाही, आता त्याचं काय, हे पालक मला नेहमी विचारतात. त्यांना तो हट्ट वाटतो. मला ते सुतक वाटतं, आणि सुतकातल्या माणसाला कोणी उपदेश करत नाही.

मी मात्र पहिल्याच भेटीत तेच केलं. 8 ऑक्टोबर 1932 ला आपलं हवाई दल स्थापन झालं तेव्हा इंग्लंडच्या क्रॅनवेल वायुसेना महाविद्यालयात शिकलेले सहा भारतीय अधिकारी होते. पाच वैमानिक झाले. सहावे टंडन उंचीला कमी पडले, त्यांना रसदीच्या कामावर जावं लागलं. म्हणजे बघ, तुझी अडचण दलाइतकीच जुनी आहे, असं मी मोठ्या उत्साहाने सांगितलं.

तो म्हणाला, "म्हणजे मी गोदाम सांभाळू?"

बरोबरच होतं त्याचं.

दुसऱ्या भेटीत मी गोष्टी बंद ठेवल्या आणि विचारलं, विमानातलं तुला नेमकं काय आवडतं? बराच वेळ गप्प. मग म्हणाला, आवाज. घरावरून मिग जातं ते गोव्याच्या आयएनएस हंसा तळावरचं, नौदलाचं, हेही त्यानेच मला सांगितलं. बापाच्या होडीचं मशीन बंद पडलं की नुसतं ऐकून दोष कुठे आहे ते तो ओळखतो. वाडीतले सगळे त्यालाच हाक मारतात. हे सांगताना त्याचे हात पहिल्यांदा हलले.

तेव्हा कुठे मी हरजिंदर सिंगांचं नाव काढलं. 1 एप्रिल 1933 ला कराचीच्या ड्रिग रोड तळावर दलाची पहिली स्क्वाड्रन (विमानांची तुकडी) उभी राहिली, ती चार वापिटी विमानांवर. ती विमानं उडण्याजोगी ठेवायला 19 हवाई सिपाही होते. त्यांतलेच हरजिंदर पुढे एअर व्हाइस मार्शल झाले. या वेळी तो काही बोलला नाही, फक्त वापिटीचं इंजिन कुठलं, एवढं विचारलं. मला माहीत नव्हतं.

पुढचं सगळं व्यवहाराचं. जमिनीवरच्या शाखांना उंचीची अट कमी आहे, त्यात तो बसतो. इंजिनिअरिंग करून हवाई दलाच्या एएफकॅट या प्रवेश परीक्षेने तांत्रिक शाखेत अधिकारी होता येतं. बारावीनंतर अग्निवीर वायू ही हवाई दलातली योजना आहे. पण ती चार वर्षांची भरती, त्यातले जास्तीत जास्त पाव पुढे कायम होतात. बापूस 'सरकारी नोकरी, पेन्शन' एवढंच धरून बसला होता, म्हणून त्याला हे दोनदा समजावलं. उंची वाढवायची पावडर मात्र पहिल्याच दिवशी बंद करायला लावली होती.

महिन्याने आवशी एकटीच आली, तक्रार घेऊन. "पडवीत मशीन सगळा सोडून ठेवल्यान हा. पाय ठेवूक जागा नाय."

"आणि पेरूवर लोंबकळणं?"

"ता पण चालूच आसा. कधीमधी."