वजन उतरवताना तेल-तूप पूर्ण बंद करावे, की त्यातून ऊर्जा मिळवता येते?

आपण रोज १८०० कॅलरींची मर्यादा पाळता, तेल-तूप जवळजवळ सोडले आहे, तरीही दुपारनंतर गळून जाता. स्निग्ध पदार्थ पुन्हा सुरू केले तर हिशेब बिघडेल का, असे आपण विचारले आहे. बिघडणार नाही, मात्र ते चालू जेवणावर वाढवून न घेता, त्यातले काही कमी करून त्याच्या जागी घ्यावे लागतील.

एक ग्रॅम स्निग्धांशातून ९ कॅलरी मिळतात, तर पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने यांच्या एका ग्रॅमातून ४. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार एकूण ऊर्जेच्या ३० टक्क्यांपर्यंत वाटा स्निग्धांशाचा असावा, म्हणजे आपल्यासाठी सुमारे ६० ग्रॅम. त्यातही तुपासारख्या पदार्थांतली संपृक्त चरबी २० ग्रॅमच्या आत राहावी. हे ६० ग्रॅम केवळ बरणीतल्या तेलाचे नव्हेत. गंगावेशीत कट्ट्यावर उभ्याने प्यायलेल्या २०० मिली म्हशीच्या दुधात सुमारे १३ ग्रॅम स्निग्धांश असतो, आणि मिसळीच्या कटावर तरंगणारी तर्री मोठा चमचाभर जरी पोटात गेली, तरी १२० कॅलरींच्या आसपास भर पडते. कोल्हापुरात राहून हा हिशेब चुकतो तो बहुधा इथेच, कारण घरातले तेल आपण मोजतो, पण रस्सा आणि दूध मोजत नाही.

माझी सूचना अशी की, दुपारच्या ताटातला वाटीभर भात कमी करून त्याऐवजी ३० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे खावेत. त्यांतून सुमारे १७० कॅलरी, १५ ग्रॅम स्निग्धांश आणि ७-८ ग्रॅम प्रथिने मिळतात; शिवाय स्निग्धांशामुळे अन्न जठरातून सावकाश पुढे सरकत असल्याने पोट जास्त वेळ भरलेले राहते. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे शोषली जाण्यासाठीही थोडा स्निग्धांश लागतोच, म्हणून तेल-तूप संपूर्ण तोडणे मला मुळीच योग्य वाटत नाही. थकवा तरीही टिकला, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्यावे. पित्ताशयाचा किंवा स्वादुपिंडाचा विकार असल्यास आहारात बदल करण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे.

तालमीतल्या मल्लांच्या तूप-बदाम-थंडाईच्या खुराकाचा आपल्याकडे मोठा आदर आहे आणि तो रास्तच आहे, परंतु त्यामागे रोजचे जोर-बैठका आणि लढतींचे कष्ट असतात. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला तो मानवणार नाही.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. रंकाळ्याभोवती सावकाश चालताना शरीर बरीचशी ऊर्जा चरबीतून घेते हे खरे, पण दिवसभरात खाल्लेल्या कॅलरी खर्चाहून कमी नसतील, तर अंगावरची चरबी घटत नाही. उलट पन्हाळ्याची चढण झपाझप चढताना पिष्टमय पदार्थांचा वाटा वाढतो, म्हणून असा व्यायाम करणार असाल, तर त्या दिवशी भाकरी कमी करू नये.